डाव्या कानाचा काप

मेंढ्यांचा कळप रस्त्यात आडवा आला की गाडीतले सगळे वैतागतात. मला मात्र हसू येतं आणि नव्वदच्या दशकातली ती घटना आठवते. तेव्हा फौजदार म्हणून माझी नेमणूक खंडाळा तालुक्यात होती.

लोणंदच्या बाजारातला एक व्यापारी खबर घेऊन ठाण्यात आला. "साहेब, एक गडी टेंपोतनं मेंढ्या इकाया आलाय. समद्यांच्या कासा भरल्यात, पर संगं कोकरू एक न्हाई. असं कुनी इकत न्हाई बगा."

मेंढपाळ मेंढ्या चरायला नेताना कोकरं वाड्यावर, म्हणजे मुक्कामाच्या जागी, जाळीत ठेवतात. म्हणजे कळप रानातूनच उचलला होता. त्या गड्याला ताब्यात घेतलं, पंचनामा केला आणि मुद्देमाल ठाण्याच्या आवारात कोंडला. मुद्देमाल सारखा ओरडत होता. तिकडे कुठल्या तरी माळावर कोकरं उपाशी होती. ती जगायची तर मालक लवकर सापडायला हवा होता.

गडी बिलंदर निघाला. "माज्याच हायत्या साहेब. कोकरं रोगानं मेली," यापलीकडे शब्द बोलेना.

गावच्या केबल टीव्हीवर मेंढ्या सापडल्याची पट्टी फिरवली. तीत मेंढ्यांच्या उजव्या कानाला मालकाने ओळखीसाठी घातलेल्या कापाची खूणही दिली होती. लगेच दोघे स्कूटरवरून आले आणि उजव्या कानाच्या शपथा घेऊ लागले. कोकरं कुठं आहेत विचारल्यावर दोघांनी दोन उत्तरं दिली, तेव्हा त्यांना हाकललं. ज्यांच्याकडे टीव्ही होता त्यांच्याकडे मेंढ्या नव्हत्या, आणि ज्याच्या मेंढ्या गेल्या त्याचा संसार घोड्याच्या पाठीवर.

मग जीपला भोंगा लावला. हवालदारांना म्हटलं, "माळावरच्या वाड्यांवर फिरा. सुरुवात मात्र ठाण्याच्या दारातूनच करा, आणि काप डाव्या कानाला सांगा."

"आवं साहेब, काप उजव्या कानाला हाय न्हवं?"

"ते मलाही दिसतंय. तुम्ही डावाच सांगा."

दारातल्या भोंग्याचा शब्द न् शब्द कोठडीत ऐकू गेला. जीप गेल्यावर त्या गड्याला पुन्हा समोर बसवलं. आता त्याला कंठ फुटला होता. "खात्री करा की साहेब. डाव्या कानाला काप हाय, माज्या हातानं घातलाय."

मी त्याला आवारात नेऊन एकेक कान दाखवला. दोन-तीन मेंढ्यांतच तो कळप कुठून हाकलला ते सांगून मोकळा झाला.

आम्ही तिकडे निघणार तोच एक धनगर बाई डोक्यावर कोकरांची पाटी घेऊन तरातरा आत आली. नवरा बराच मागे राहिला होता. "भोंगा लावून खोटं सांगताय व्हय साहेब? आमच्यात काप उजव्या कानालाच असतो. डावा म्हनं!"

तिने पाटी खाली ठेवली. कोकरं धडपडत आपापल्या आईला जाऊन लुचली आणि आवार गप्प झालं. बढती मिळाली त्या दिवशीही मला एवढा आनंद झाला नव्हता.

आता पोलीस मोबाईलवरून क्षणात जिल्हाभर निवेदन पाठवतात. नवे अधिकारी मला कौतुकाने दाखवतात, किती लोकांनी पाहिलं, किती जणांनी पसंतीचा अंगठा दिला. खाली कोणी खरमरीत लिहिलं असेल तर त्यांचा चेहरा उतरतो. मी त्यांना सांगतो, आधी ते वाचा. ठाणं आपलं वाटतं म्हणूनच माणूस भांडायला येतो. कोणीच भांडायला येईनासं झालं, की मग काळजी करा.