मेल्या डोहाची बोली

शिमगा झाला की आमच्या गावात नदीच्या डोहाची बोली लागायची. आमच्या खालापूरच्या बाजूला उन्हाळ्यात नदी डबक्यांवर येते, पण हा डोह कधी आटला नाही. बोली जिंकणाऱ्याने काठीला आंब्याचा डहाळा बांधून ती डोहात रोवायची. मग वर्षभर मासे त्याचे, आणि त्याच्या मर्जीशिवाय डोहात कुणी काही टाकायचं नाही. बोलीचा पैसा जत्रेला.

पुढे कारखाना आला, त्याचा पाईप डोहात उतरला आणि मासे संपले. बोलीला माणूस येईना. मी त्याच कारखान्यात रोजंदारीवर होतो.

डोहाच्या खालच्या अंगाला बौद्धवाडी. वाडीचं पिण्याचं पाणी नदीच्या वाळूत खणलेल्या झिऱ्याचं. झिऱ्यालाही वास यायला लागला, त्या साली वाडीतली एक मावशी बोलीला उभी राहिली. माणसं हसली.

"मावशे, मेल्या डोहात काय धरनार गं? बेंडकं?"

"टाकनाऱ्याचा हात धरीन."

आदल्या दिवशी कारखान्याच्या साहेबाने मला बोलावून पैसे दिले होते. डोह आपल्या माणसाकडे राहू दे, म्हणाला. मावशीने आकडा सांगितला की मी वरचा सांगायचो. शेवटी तिने पैसे पुन्हा पदराला बांधले. काठी मी रोवली. पाईप चालू राहिला, आणि मी नोकरीत कायम झालो. कायम कशामुळे झालो, ती गोष्ट मी आजवर घरातसुद्धा बोललो नाही.

पुढच्या साली ती वाडीची वर्गणी घेऊन आली. पाटलांनी बोली पुकारायच्या आधीच माझ्याकडे वळली.

"काय रं, यंदा किती दिलं तुज्या सायबानं?"

सगळं गाव माझ्याकडे बघायला लागलं. वर्षभर तिच्या झिऱ्यावरून जाताना मी मान खाली घातली होती. म्हटलं, आता पुरे.

"दिलेत. खिशात हायत. मागल्या सालीबी त्याचेच व्हते. यंदा मी बोलनार नाय."

मावशीने आकडा सांगितला. पाटलांनी "एकवार" म्हटलं. मावशी म्हणाली, "माजी अट हाय. डोहाचा पैसा डोहाला. गाळ काढायचा."

"एवढ्या पैशात निगतो काय गाळ?" कुणीतरी ओरडलं.

"मंग दरसाल लावा बोली. घान पडंल तवर, आनि त्याच्या म्होरंबी."

"देवाचा पैसा नदीत घालता?" जत्रेचा कारभार बघणारे म्हातारबा उठले.

"बाबा, देवाला आंगोळ कुठल्या पान्यानं घालता?" हे मी बोललो. आवाज माझाच होता, यावर मलाच विश्वास बसेना.

म्हातारबा खाली बसले. पाटील म्हणाले, "दोनवार. तीनवार."

मावशीने काठी डोहात रोवली नाही. नेऊन पाईपाच्या तोंडाशी ठोकली आणि वाडीतल्या बायका तिथे बसल्या. साहेबाचे पैसे मी त्याच्या टेबलावर ठेवले. त्याने मला काढलं. आजही चौक गावच्या बाजारात कुणी म्हणतं, हातची नोकरी घालवलीस. घालवली. मिळवली कशी, ते त्यांना ठाऊक नाही.

तेव्हापासून दर साली बोली लागते आणि पाट्यांनी गाळ निघतो. कारखान्याला सांडपाणी साफ करायची टाकी बांधावी लागली. पाणी आता निवळून येतं, तरी पुरतं स्वच्छ नाही. डोहाचा खडक एका कडेला दिसायला लागलाय. मासा अजून नाही. मधे कारखान्याने एकदाच काय ती मोठी रक्कम देऊ केली होती, बोली बंद करा म्हणून. गावाने ती परत पाठवली.

लोक मला नोकरीवर लाथ मारणारा म्हणतात आणि दर साली पहिला आकडा मला बोलायला लावतात. यंदा आकड्याच्या आधी मी सांगणार आहे, की मावशीला हरवलं म्हणून मी कायम झालो होतो. माफी मागणार नाही. ती मागून झिरा गोड होत नाही. मग मी माझा आकडा सांगेन. हसायचं त्यांनी हसावं, थुंकायचं त्यांनी थुंकावं. पण माझ्या आकड्यावर चढून बोलावं.