दिवाळीनंतरचा फैसला

दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाला गेला की माझ्याकडे पालकांची रांग लागते. मी जुनवानीत, स्टील प्लांटच्या हिंदी बोलणाऱ्या गावात राहते आणि घराच्या पुढच्या खोलीत मेडिकलच्या प्रवेश परीक्षेसाठी बायोलॉजी शिकवते. परीक्षेचे फॉर्म निघायच्या आधी मी एकेका मुलाला आईवडिलांसकट बोलावते, दिवाणावर बसवते आणि तोंडावर सांगते. याचं होईल, हिचं होणार नाही. आमच्या भागात लोक याला ‘मॅडम का फैसला’ म्हणतात. मोठे क्लासवाले असं काही सांगत नाहीत. सांगितलं तर पुढच्या वर्षी बाकावर बसायला कोण येणार? मी मात्र सांगते. माझा स्वभावच तसला आहे, मनात काही ठेवलं की मला अन्न पचत नाही.

मागे प्लांटमधले एक साहेब मुलाला घेऊन आले होते. मी म्हटलं, नाही होणार. ते म्हणाले, “मॅडम, एक साल और रख के देखें?” माझ्या तोंडून निघून गेलं, “अचार है क्या, जो रखने से बनेगा?” साहेब चहा अर्धा टाकून उठले. पुढे कधीतरी पावर हाउस नावाच्या भागातल्या बाजारात भेटले तेव्हा मीच नजर चुकवायला लागले, तर ते स्वतःहून थांबले. पोरगा आता कॉमर्सला होता. “अब ठीक से खाना खाता है,” एवढंच म्हणाले आणि कांदे निवडायला लागले. अशी दोन-चार माणसं भेटली की मला वाटायचं, आपण करतो ते बरोबर करतो.

पण माझ्या स्वतःच्या पोरीला मी हे सांगू शकत नव्हते.

ती दोनदा परीक्षेला बसली होती आणि दोनदा राहिली होती. आता तिसऱ्यांदा तयारी चालू होती. माझ्याकडे शिकायला तिनं आधीच नकार दिला होता. “घरी पण मॅडम आन ट्यूशनमध्ये पण मॅडम, मग आई केव्हा?” असं म्हणून ती दुसऱ्या क्लासला जायची. मला राग आला होता. आख्ख्या गावाची पोरं माझ्याकडे येतात आणि हिला मी चालत नाही. पण अडवलं नाही. सकाळी ती स्कूटी काढून क्लासला जाई आणि संध्याकाळी माझी बॅच बसली की पडद्यापलीकडे जेवणाच्या टेबलावर पुस्तकं पसरून बसे. इकडे मी शिकवत असे, तिकडे तिच्या पानांचा आवाज येत असे.

एका संध्याकाळी मी किडनी शिकवत होते. मुलं पेंगायला लागली म्हणून विचारलं, समुद्रात अडकलेल्या माणसानं तहान लागली म्हणून खारं पाणी प्यालं तर तहान भागेल का वाढेल, आणि का? मुलांनी एकच कालवा केला. एक म्हणे भागेल, दुसरा म्हणे उलटी होईल, तिसरी दोघांना गाढव म्हणून स्वतः त्याहून चुकीचं उत्तर देऊन बसली. भांडता भांडता मात्र मुलं उत्तराच्या जवळ येत होती. मी पाणी प्यायला आत गेले. पोरगी पुस्तक मिटून बसली होती. मी सहज म्हटलं, “तू सांग.” तिनं डोळे मिटले आणि किडनीच्या धड्यातला तो आख्खा परिच्छेद धाडधाड म्हणून दाखवला. एक शब्द चुकला नाही. आणि संपल्यावर डोळे उघडून मला विचारलं, “मग? भागंन का वाढंन?”

मी पाणी न पिताच बॅचकडे परत आले. पोरगी हुशार नव्हती असं नाही, मेहनत तर बैलासारखी करायची. पण ही परीक्षा प्रश्न जरासा वळवते, आणि वळला की ती तिथंच थांबायची. फिजिक्समध्ये तर विचारूच नका. दर टेस्टच्या सकाळी तिला उलटी व्हायची. केस गळून कंगव्यात मावत नव्हते. दुसऱ्या कुणाची मुलगी असती तर मी आईबापांना दुसऱ्याच दिवशी बोलावलं असतं.

तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर राहिला नाही. धुतलेली भांडी मी परत धुवायची. फळा पुसलेला असला तरी पुसायची. गच्चीवरून ओले कपडे काढून आणायची आणि परत नेऊन टाकायची. मेथी आणायला निघायची आणि साबण घेऊन परत यायची. बॅचमधल्या मुलांवर उगाच खेकसायची. नवऱ्याला वाटलं, माझं बीपी वाढलं. ते रसमड्याच्या एका कारखान्यात शिफ्ट इनचार्ज आहेत, आणि तिथल्या झाडून सगळ्यांना त्यांनी सांगून ठेवलं होतं की माझी मुलगी डॉक्टर होणार. मी त्यांच्याजवळ विषय काढला की ते म्हणायचे, “तू टेन्शन देऊ नको तिले. या वर्षी होऊनच राहिलं समज.” मला त्यांचा संताप यायचा. इतकं कसं दिसत नाही माणसाला? आणि मग स्वतःचा यायचा, कारण मला दिसत होतं आणि मी गप्प होते.

त्या वर्षीही दिवाळीनंतर मी पालक बोलावले. एका रविवारी दिवसभर लोक येत होते, पोहे संपले, चहाची पातेली करपली. शेवटचं कुटुंब गेलं आणि मी दार लावणार तेवढ्यात बेल वाजली. दारात माझी पोरगी उभी होती, इस्त्रीचा कुर्ता घालून, केस नीट बांधून. मागच्या दारानं निघून पुढच्या दारानं आली होती. सोबत तिचे बाबा, झोपेतून उठवलेले, गोंधळलेले.

“हे काय नाटक आहे?” मी म्हटलं.

“नाटक नाही. आता आमचा नंबर आहे.” ती बाबांना घेऊन दिवाणावर बसली. “सगळ्यांना सांगून राहिली न तू? मले पण सांग.”

“तू कुठं माझ्याकडं शिकतं?”

“पडद्यामागं रोज बसून राहिली मी. ऐकलं तर तुझंच सारं.” मग हिंदीत म्हणाली, “सच बता, आई. जैसे सबको बताती है.”

नवरा हसायला लागला. माझं तोंड पाहून थांबला.

मी समोरच्या खुर्चीत टेकले. वाटलं, थट्टेवारी न्यावं, स्वयंपाकाला उशीर झाला म्हणून आत निघून जावं. पण ती माझ्याकडे बघत होती, आणि ते बघणं मला ओळखीचं होतं. त्या दिवाणावर बसलेली सगळी मुलं तसंच बघतात. आईबापांना उत्तर नको असतं, मुलांना हवं असतं.

“नाही होणार, बेटा,” मी म्हटलं. “तुझ्यात कमी आहे म्हणून नाही. ही परीक्षा तुझी नाही. अजून दोनदा बसली तरी नाही.”

नवरा म्हणाला, “एखादं वर्ष अजून पाहिलं तर?”

इतकी वर्षं हे वाक्य ऐकत आले, माझ्याकडे त्याचं उत्तर तयार असतं. त्या दिवशी मी समोरचे उष्टे कप एकात एक घालायला लागले.

पोरीनं त्यांच्याकडे पाहिलंच नाही. “तुले केव्हापासून माहीत होतं?” तिनं मला विचारलं.

“त्या समुद्राच्या पाण्याच्या दिवसापासून.”

“मग सांगितलं कावून नाही?”

“मले भेव लागलं.”

“मले वाटे, तू सांगत नाहीस म्हणजे होऊन जाईन माझं,” ती म्हणाली. “मी त्याच्याच भरवशावर वाचून राहिली.” आणि मग ती रडायला लागली.

फैसला सांगून झाला की मी उठते. मी उठले की पालक उठतात, पायऱ्यांवरच्या चपला शोधतात, फाटक लागतं आणि मी पुढच्यांना आत बोलावते. त्यांच्या घरी पुढे काय होतं, त्या रात्री कोण जेवतं आणि कोण तसंच झोपतं, हे मी कधी कुणाला विचारलं नाही. त्या दिवशीही मी सवयीनं उठले. दिवाणावरची दोघं हलली नाहीत. ती ओढणीत तोंड घालून रडत होती, तिचा बाप तिच्या पाठीवर हात ठेवून फरशीकडे पाहत होता. चपला घालून निघून जायला त्यांना दुसरं घर नव्हतं. मी दारापर्यंत गेले, परत आले, आणि मग तिच्या शेजारी बसले.