अर्धा तुकडा सलाईनमध्ये

अख्ख्या जळगावात आमच्या वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांइतका चौकस माणूस दुसरा नाही, आणि हा एक आहे तेवढा पुरे. ते पेशंट तपासत नाहीत. पेशंटच्या अंगातून काढलेले तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. तुकडे बोलत नाहीत, म्हणून सगळे प्रश्न आम्हा शेजाऱ्यांच्या वाट्याला येतात. भरीत वाढलं, तर वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजली की गॅसवर, हे कळल्याशिवाय घास तोंडात जात नाही. एकदा सांत्वनाला गेले आणि तिथेही "नेमकं कुठे दुखत होतं?" विचारून बसले. तेव्हापासून वहिनी त्यांना असल्या ठिकाणी एकटं पाठवत नाहीत.

एरंडोलला दिलेली माझी धाकटी बहीण छातीत गाठ घेऊन माझ्याकडे आली, तेव्हा तिचं बाळ आठ महिन्यांचं होतं. तिकडे दोनदा चिरून पू काढला होता, पण जखम मिटत नव्हती, म्हणून बाळाला वाटीने दूध पाजत होती. इथल्या सर्जनना कॅन्सरची शंका आली. तुकडा तपासू, पण स्तन काढायची तयारी ठेवा, म्हणाले. बिचारी रडून रडून सुजली होती. तशात डॉक्टर जिन्यात भेटले आणि तिथेच सुरू झाले, "संध्याकाळी ताप येतो का? घरात कुणाला जुना खोकला?"

"सासूले शे," बहीण पदर सावरत पुटपुटली.

"आणि तो पू तपासायला पाठवला होता?"

टाकून दिला होता. डॉक्टर इतके हळहळले, की बहीणच ओशाळली.

तुकडा काढायच्या दिवशी स्वारी ऑपरेशन थिएटरच्या दाराशी दोन बाटल्या घेऊन उभी. काढलेला तुकडा सवयीने सगळाच फॉर्मॅलिनमध्ये टाकतात. त्यात जंतू मरतात, मग ते वाढवून बघणार कसे? म्हणून अर्धा फॉर्मॅलिनमध्ये, अर्धा सलाईनमध्ये. सर्जन वैतागले, पण हे जागचे हलले नाहीत. रिपोर्ट आला, कॅन्सर नाही, क्षय आहे. क्षयाचं नाव ऐकून आनंदाने रडणारी मी पहिलीच असेन.

मग सहा महिने सरकारी गोळ्या. सासूलाही तपासून त्याच सुरू झाल्या. पहिल्याच दिवशी एरंडोलहून बहिणीचा फोन, लघवी लाल होतेय. डॉक्टर नेमके आमच्याकडेच बसले होते, त्यांनी माझ्या हातून फोन ओढलाच, "लाल की केशरी? नीट बघून सांगा." तो औषधाचाच रंग निघाला, आणि त्या खुशीत ते चहा पिऊन गेले.

गाठ विरली, जखम मिटली, स्तन वाचला. बहीण पेढे घेऊन त्यांना भेटायला गेली. चेहरा त्यांनी ओळखला नाही, पण तिची स्लाइड लगेच काढून दाखवली. मग वही उघडून म्हणाले, "आता काही त्रास?"

"दुखत नही," ती म्हणाली. "पन पोऱ्या आते अंगावर पेत नही. त्याले वाटीनी सवय व्हई गई."

डॉक्टरांनी वही मिटली. "त्याला माझ्याकडे इलाज नाही हो," म्हणाले, आणि पेढा हातात धरून तसेच बसून राहिले. शेवटी बहिणीलाच त्यांची समजूत घालावी लागली.