वहीतली दुसरी खूण

माझ्या मित्राची स्मरणशक्ती शाबूत आहे. ती गेली असं त्याच्या घरच्यांना दोन वर्षं वाटत होतं, आणि ते माझ्यामुळे. त्यावरूनच त्याला कायमचं रत्नागिरीला, धाकट्या बहिणीकडे पाठवायचं ठरलं. तिकीटही काढून झालंय. त्याआधी हे कागदावर यायला हवं.

आम्ही दोघं कतारमध्ये, दुखानला एका ठेकेदार कंपनीत होतो. तो क्रेनचा फोरमन आणि मी सेफ्टी ऑफिसर. तो मला साहेब म्हणायचा आणि वर अरे-तुरे करायचा. निवृत्त झाल्यावर दोघंही दोह्यातच मुलांकडे राहिलो. मी अल हिलालला, तो दोन सिग्नल पलीकडे. शुक्रवारी नमाज झाली की तो गाडी घेऊन खाली यायचा आणि मला घरी न्यायचा. कधी त्याच्याकडची सांदणं खायची, कधी नुसतीच दुखानपर्यंत चक्कर मारून परत यायचं.

माझ्या नोकरीतली एक गोष्ट आधी सांगायला हवी. कुठलंही धोक्याचं काम सुरू करताना पर्मिट निघायचं. काम संपलं की आतली माणसं मोजायची, सगळी बाहेर आली की मी सही करायची, मग पर्मिट बंद. हा नियम मीच लोकांना शिकवायचो. पण बस सुटायची वेळ झाली आणि एखादा माणूस आत हत्यारं गोळा करत राहिला असला, तर मी सही करून टाकायचो. तो येतच असायचा. इतक्या वर्षांत प्रत्येक जण आला, त्यामुळे ती सवय मला कधी चूक वाटलीच नाही.

माझी मुलगी जपानमध्ये नोकरी करते. दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात तिने बोलावलं, तेव्हा मी मित्रालाही बरोबर घेतलं. त्याचा मुलगा आधी कां-कू करत होता. मग म्हणाला, “काका बरोबर आहेत ना, मग अब्बांची काळजी नाही. काकांचं आयुष्य सेफ्टीत गेलंय.”

एके दिवशी मुलीला ऑफिस होतं. तिने आम्हाला एका लहानशा डोंगराचं नाव लिहून दिलं, गाडी कुठे बदलायची तेही. “शाळेची पोरं सहलीला जातात तिथे, बाबा. दोन तास वर, दीड तास खाली.” पायथ्याशी एका बाईचं चहाचं दुकान होतं. वर जाणाऱ्याने सकाळी तिच्या वहीत नाव लिहायचं, उतरून आल्यावर नावापुढे खूण करायची. सगळ्या नावांपुढे खूण झाली की चारला ती दुकान बंद करायची. कुणी राहिला तर फायर ब्रिगेडला फोन. मुलीने हे मला दोनदा समजावलं होतं. मी वहीत दोघांची नावं लिहिली तेव्हा मित्र हसला. “साहेब, पर्मिट हितंपण तुझ्या मागं आलं.”

वाट सोपी होती. लाकडाचे ओंडके आडवे टाकून पायऱ्या केलेल्या, दोन्ही बाजूंनी सरळसोट उंच झाडं. तो सारखा मान वर करून बघत होता. “चाळीस वर्षांत एवढी सावली एकदम बघितली नाय,” म्हणाला. अर्ध्यावर वाट फुटत होती. तिथे लहान मुलांसारख्या दगडी मूर्ती ओळीने मांडलेल्या होत्या, प्रत्येकीच्या डोक्यावर लाल लोकरीची टोपी. त्याचा गुडघा दुखायला लागला होता. तो तिथल्या बाकावर टेकला.

“मी हितंच बसतो, या टोपीवाल्यांजवळ,” तो म्हणाला. “तू वर जाऊन ये. मी हलणार नाय. मला हितनं घेऊन जा.”

“अर्ध्या तासात आलो,” मी म्हणालो.

माथ्यावर माझ्याच वयाची दहा-बारा माणसं डबे उघडून बसली होती. त्यांनी मला जागा करून दिली, संत्री दिली, माझ्याबरोबर फोटो काढले. कतारहून आलो म्हटल्यावर एकाने उठून वाकून नमस्कार केला. मी सुखावलो. निघताना ते मला दुसऱ्या बाजूच्या रोपवेकडे घेऊन गेले आणि मी गेलो.

मी मित्राला विसरलो नव्हतो. विसरलो असतो तर हे लिहिणं सोपं गेलं असतं. रोपवेत पाय ठेवताना तो मला आठवला होता. मला वाटलं, येईल उतरून, लहान आहे का तो.

खालून बसने डोंगराला वळसा घालून मी चारच्या आत दुकानापाशी आलो. दुकानातल्या बाईने वही पुढे केली, दोन बोटं दाखवली आणि माझ्या मागे पाहिलं. मी स्टेशनकडे हात केला, म्हणजे तो पुढे गेलाय. मी दोन्ही नावांपुढे खूण केली. तिने वही मिटली.

स्टेशनवर मशीनमधून गरम कॉफी घेऊन मी तासभर बसलो. मग उलटा दुकानाकडे गेलो, तर शटर खाली. पाचलाच काळोख झाला. मित्राचा कतारचा फोन तिथे चालत नव्हता. मी मुलीला फोन केला.

फायर ब्रिगेडच्या माणसांना तो साडेसातला सापडला. बाकावर नाही, त्याच्याही वर, माथ्याकडे जाणाऱ्या वाटेखाली. मनगट मोडलेलं, अंग गारठलेलं. उजेड जाईपर्यंत तो जागेवरून हलला नव्हता. मग त्याला वाटलं की मी वर कुठेतरी पडलोय. तो मला शोधायला गेला होता.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलमध्ये त्याचा मुलगा व्हिडिओ कॉलवर होता. मित्र म्हणाला, “मी याला सांगितलं होतं, मी हितंच बसतो म्हणून.”

मुलाने माझ्याकडे पाहिलं. माझी मुलगीही बघत होती. मी मित्राच्या दंडावर हात ठेवला आणि म्हणालो, “नाही रे. मी उतरतो, असं म्हणाला होतास तू. असू दे, ताप आहे, आठवत नसेल.”

माझा आवाज अगदी मऊ होता. त्याने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, “असंल.”

दोह्याला परतल्यावर मुलाने त्याच्या गाडीची चावी काढून घेतली. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की वयाच्या मानाने ठीक आहे. पण चष्मा हरवला की, फोन करायचा राहिला की, मुलगा मला म्हणायचा, “काका, त्या डोंगरावरचं बघा ना. तुम्ही होतात तिथे.” मी मान हलवायचो. मित्र हळूहळू कमी बोलायला लागला. बोललाच तर आधी विचारायचा, “हे मगाशी बोललो का मी?” क्रेनखाली वीस माणसांना एका इशाऱ्यावर उभं करणारा माणूस.

गेल्या शुक्रवारी गेलो तेव्हा बॅग अर्धी भरलेली होती. मुलगा चहा घेऊन आला. मित्राने त्याला ऐकू जाईल अशाच आवाजात मला विचारलं, “साहेब, आता जातोच आहे तर सांग. तेव्हा मी खरंच बोललो नव्हतो?”

मी म्हणालो, “बोलला होतास.” मग रोपवे सांगितला, वही सांगितली, हॉस्पिटलमधलं सांगितलं.

मुलाने ट्रे खाली ठेवला. “दोन वर्षं, काका? मी अब्बांना त्यांच्या गाडीत बसू दिलं नाही. दुकानातसुद्धा एकटं सोडलं नाही.”

 मित्राने हात वर करून मुलाला थांबवलं.

“मी काय म्हणालो होतो? तू सांग,” तो मला म्हणाला.

मी शब्दाला शब्द सांगितलं. टोपीवाल्यांजवळ. हलणार नाय. हितनं घेऊन जा. मी सांगत असताना त्याचे ओठ माझ्याबरोबर हलत होते.

“चावी आण,” तो मुलाला म्हणाला. मुलाने आणून दिली. तिकिटाचं काय, ते मुलाने विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. चावी खिशात टाकून तो माझ्याकडे वळला.

“तोंडी नको. लिहून दे. मराठीत, म्हणजे मला दुसऱ्याकडनं वाचून घ्यायला नको. सही करून ठेवू नको. आधी मी वाचणार, मग तू सही करायची.”

“घेऊन येतो,” मी म्हणालो.

“तू नको येऊ. मी येतो पुढच्या शुक्रवारी चारला, गाडी घेऊन. वर येणार नाय. खाली आणून दे.”

पावणेचार झालेत. सहीची जागा मी मोकळी ठेवली आहे. पेन खिशात घेऊन खाली जाऊन उभा राहतो.