मारोतीची ‘इल्ली’

आमच्या ग्रामपंचायतीचा शिपाई मारोती कन्नड बोलतो, आणि नुसतं बोलत नाही, समोरच्याला घाम फुटेपर्यंत बोलतो. तो मूळचा देवणीकडचा, मराठी शाळेत सातवी शिकलेला. कर्नाटकात, मुडबीजवळच्या आमच्या गावात मामाकडे आला आणि इथलाच झाला. सकाळी नऊला भेटला तरी ‘ऊटा आयता?’ म्हणजे जेवण झालं का, असं विचारणार. कन्नडात ‘इल्ला’ म्हणजे नाही आणि ‘इल्ली’ म्हणजे इथं. मारोती मात्र नाही म्हणायलाही ‘इल्ली’च म्हणायचा. त्याचा हिशोब साधा होता: मराठीत न्हाई, कन्नडात इल्ली, शेवटी ई आली की झालं.

मी गुरुबसव. पंचायतीसमोर माझं किराणा दुकान. आमच्या घरात कन्नड, बाहेर मराठी. मारोती दुकानात येऊन म्हणायचा, “अण्णा, घरात साखर इल्ली.”

मी विचारायचो, “इल्ली? मग आनिक कामून न्यायलास?”

ओट्यावरची माणसं पोट धरून हसायची. काही न कळता तोही हसायचा. पंधरा वर्षांत त्याला कुणी दुरुस्त केलं नाही. फुकटची करमणूक कोण बंद करतो?

तीन वर्षांपूर्वी पंचायतीच्या भिंतीवर नेटची पेटी बसली. फोन कंपन्यांच्या कमाईतून सरकार एक निधी जमवतं आणि खेड्यात नेट नेणाऱ्याला त्यातून अनुदान देतं, म्हणे. हेतू सोन्यासारखा. रस्ता खणून वायर आली, पेटी आली, पुढारी आले, फीत कापली, पेढे वाटले. नेट तेवढं यायचं राहिलं. पेटीवरचा दिवा एकदाही लागला नाही. चावी मारोतीच्या कमरेला असायची. तो रोज पेटी पुसायचा आणि दसऱ्याच्या आयुधपूजेला चनमल्लप्पा मेंबर तिला हळदकुंकू लावायचे. कुठल्याच कामाची नसलेली वस्तू पूजेला बरी पडते.

यंदा मार्चमध्ये तपासणीला एक साहेब आले, बेंगळूरकडचे. मराठीचा गंध नाही. नेट चालू आहे, असं गावातल्या कर्मचाऱ्यानं सही करून दिलं की वायर टाकणाऱ्या ठेकेदाराचं अनुदान सुटणार होतं. पंचायतीचे अधिकारी नेमके तालुक्याला गेलेले. मी चहा घेऊन तिथं उभा होतो. साहेबांनी खुर्चीत बसल्या बसल्याच विचारलं, “नेट इद्या?” म्हणजे नेट आहे का.

मारोती ताठ उभा राहिला. असा मोका त्याला रोज कुठून मिळणार!

“नेट इल्ली, साहेब. मूरु वर्षा! इल्ली, इल्ली!”

तीन वर्षं झाली, नेट नाही, असं गाऱ्हाणं तो मांडत होता. साहेबांनी ऐकलं ते असं: नेट इथंच आहे, तीन वर्षं इथंच आहे. त्यांनी समोरच्या विझलेल्या दिव्याकडे पाहिलं, हातातल्या कागदाकडे पाहिलं आणि कागदावर विश्वास ठेवला. मारोतीला कन्नड वाचता येत नव्हतं; त्यानं त्याच्यावर मराठीत झोकदार सही ठोकली. आपली तक्रार लिहून घेतली म्हणून गडी खूश. मी ओठ चावून हसू दाबत होतो. एक शब्द बोललो असतो तर भागलं असतं. बोललो नाही. उलट दुकानात येऊन तो किस्सा आठ दिवस रंगवून सांगितला.

मारोतीची मुलगी पंचशीला हुशार. बीदरच्या नर्सिंग कॉलेजात जायचं एवढंच तिच्या डोक्यात होतं. गावात रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर. जुलैत एका दुपारी ती टाकीवर चढली तेव्हा आदल्या दिवशीचा मेसेज आता कुठे टपकला. जागा मिळाली होती. पाच वाजेपर्यंत नेटवरून होकार द्यायचा, नाहीतर जागा पुढच्याला. सव्वाचार वाजले होते आणि टाकीवर पान काही उघडेना. पोरीनं तिथूनच तक्रारीचा नंबर लावला. पलीकडची बाई गोड आवाजात म्हणाली की तुमच्या पंचायतीत तीन वर्षं नेट सुरळीत आहे, तिथं जा. खाली मारोती शिपायाची सही आहे. आणखी काही तक्रार असेल तर नेटवरून करा.

पंचशीला खाली उतरून पंचायतीत आली. “बाबा, नेट हाय म्हणून तुमी सही केलात?”

“न्हाई गं. नेट इल्ली म्हणून केलो.”

पोरगी तशीच समोर माझ्या दुकानाकडे धावली.

मी दुकान तसंच टाकून मोटारसायकल काढली आणि तिला मागे बसवून मुडबीकडे निघालो. वायरवाल्यांनी खणलेला रस्ता तीन वर्षं तसाच पडलेला. दोनदा उतरून गाडी ढकलावी लागली. मुडबीत कॉम्प्युटरवाल्याकडे पोचलो तेव्हा पाच वाजून सहा मिनिटं झाली होती. पडद्यावर मुदत संपल्याची ओळ आली. ती रडली नाही. “चला काका,” एवढंच म्हणाली. मला मात्र कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. ठेकेदाराचं अनुदान वेळेत पोचलं होतं. त्याला टाकीवर चढावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी मारोती दुकानात आला. ओटा भरलेला होता.

“अण्णा, तुमच्या घरात कन्नड. इल्ली म्हंजे काय?”

“इथं,” मी म्हणालो.

“आन् न्हाईला?”

“इल्ला.”

“पंधरा वर्सं तुमच्याम्होरं म्हणायलोय. कामून सांगितला न्हाईत?”

थाप मारता आली असती. पण लाज वाटत होती, म्हणून खरं तेच बोललो. “मजा यायची, मारोती.”

त्यानं साखरेची पुडी उचलली आणि जाता जाता एकदम शुद्ध कन्नडात म्हणाला, “मजा इल्ला, अण्णा.”