सावलीत वाळवलेला पाला

दर वर्षी पहिल्या प्रात्यक्षिकाला मी फळ्यावर लिहितो : औषधी वनस्पती सावलीत वाळवावी. मुलं वाक्य उतरवून घेतात. मी त्यांच्याकडे पाठ करून फळा पुसत राहतो, गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ.

हे मला मोहोळ तालुक्यातल्या एका मेंढपाळ म्हातारीने शिकवलं. मेंढ्यांच्या चिघळलेल्या जखमांवर ती एका झुडपाचा पाला वाटून लावायची. आसपासच्या वस्त्यांवरून लोक जनावरं घेऊन तिच्याकडे यायचे. झुडूप तिच्या शेताच्या एकाच बांधावर वाढायचं, आणि त्या बांधाला तिने कधी नांगर लागू दिला नव्हता. झुडपाचं नाव इथे लिहीत नाही. एकदा लिहिलं तेवढं पुरे झालं.

तेव्हा मी सोलापुरातल्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होतो आणि पीएच.डी. करत होतो. पाला मागितला तेव्हा ती हसली.

“कपाटात ठिवायला न्हेताय व्हय मास्तर? त्यापरीस शेरडास्नी घाला, दूद तरी देत्याल.”

“तपासायला नेतोय आजी. जखमेतले जंतू यानं मरतात का, ते बघायचंय.”

“बगा की. पर सावलीतच वाळवा. दिसातनं दोनदा हलवा. ऊन न्हाय, चूल न्हाय. तापला की निस्ता कचरा हाय त्यो.”

मी ते वहीत लिहून घेतलं. वही अजून आहे.

भवानी पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत जागा ती काय असणार? खाटेखाली वर्तमानपत्रं पसरून पाला वाळत घातला. मग करमाळ्याला बायकोकडचं लग्न निघालं आणि तीन दिवस आम्ही तिकडेच राहिलो. श्रावणातली दमट हवा, बंद खोली. परतलो तेव्हा खाटेखाली पांढरी बुरशी धरली होती. परिषदेसाठी शोधनिबंध द्यायची मुदत आठवड्यावर आली होती. मी पुन्हा बांधावर गेलो. बुरशीचं तिला सांगितलं नाही, ‘आणखी थोडा लागतोय’ म्हणालो. तो पाला मी प्रयोगशाळेतल्या ओव्हनमध्ये ठेवला. आम्ही त्यात काचेची भांडी वाळवायचो. तापमानाचा काटा भांड्यांसाठी ठेवलेला होता तिथेच राहू दिला. दुपारपर्यंत पाला कुरकुरीत झाला. ओल्या पाल्याला नाक झोंबेल असा वास होता, याला कसलाच नव्हता. ते माझ्या लक्षात आलं होतं, हेही सांगायला हवं.

चाचणी साधी असते. काचेच्या बशीत जंतूंचा थर वाढवायचा आणि त्यात पाल्याचा अर्क सोडायचा. जंतू मेले तर अर्काभोवती स्वच्छ वर्तुळ उमटतं. माझ्या एकाही बशीत वर्तुळ उमटलं नाही. तसं मी शोधनिबंधात लिहिलं. आणि पद्धतीच्या परिच्छेदात लिहिलं : पाने सावलीत वाळवली. सगळे तसंच लिहितात, म्हणून मीही लिहिलं.

परिषदेनंतर शोधनिबंध एका नियतकालिकात छापून आला आणि एका वर्तमानपत्रात चार ओळी आल्या, पाल्याचं औषध निरुपयोगी ठरल्याच्या. गावात पारावर त्या कुणीतरी मोठ्याने वाचल्या. महिन्याभरात म्हातारी मुलाला घेऊन एसटीने कॉलेजात आली आणि स्टाफरूमच्या दारात उभी राहिली.

“चल की आये,” मुलगा चिडून म्हणाला. “गाव हसतंय ते कमी हाय व्हय? आता हितंबी हसू करून घे.”

तिने त्याच्याकडे बघितलंही नाही. “मास्तर, येकच इचारते. सावलीत वाळवलं व्हतं न्हवं?”

माझ्या मागे विभागप्रमुख चहा पीत बसले होते. मी म्हणालो, “हो आजी.”

मग पिशवीतून तिने हिरव्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेली पुरचुंडी काढली.

“ह्यो म्या वाळिवलाय. येकदा बगा. ह्यानंबी न्हाय झालं, तर मला शिकिवणारी माजी आय खोटी, आन मीबी खोटी.”

पुरचुंडी मी घेतली आणि कपाटात ठेवली. ती सोडली असती आणि बशीत वर्तुळ उमटलं असतं, तर शोधनिबंध मागे घ्यावा लागला असता, प्रबंधातलं एक प्रकरण गेलं असतं. पंधरा दिवसांनी मी तिच्या मुलाला फोन करून सांगितलं, पुन्हा तपासलं, तेच आलं.

“म्हणलं व्हतं म्या तिला,” तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, आनंदही नव्हता.

मला पीएच.डी. मिळाली. पुढे मी विभागप्रमुख झालो.

गेल्या वर्षी परीक्षेच्या कामासाठी मोहोळला गेलो होतो, तेव्हा तिच्या वस्तीवर गेलो. बांध नव्हता. मुलाने जेसीबी लावून तो सपाट केला होता आणि तिथे ऊस उभा होता. म्हातारी अंगणात बसली होती. तिच्या शेजारी बांधलेल्या मेंढीच्या पायावर दवाखान्यातलं जांभळं औषध फवारलेलं होतं. मी खाली बसलो आणि सगळं सांगितलं. बुरशी, ओव्हन, न सोडलेली पुरचुंडी, फोन.

तिने ऐकून घेतलं. मग विचारलं, “मंग लागू पडतंय का न्हाय?”

“ठाऊक नाही आजी. मी बघितलंच नाही.”

आजही मला ते ठाऊक नाही. कदाचित तो पाला खरंच निरुपयोगी असेल. पण ते शोधून काढायचं काम माझं होतं, आणि मी ते केलं नाही.

“बांद मोडताना पोरगं इचाराय आलं व्हतं,” ती म्हणाली. “म्या म्हणलं, मोड. मास्तरनं दोनदा बगितलंय.”

मी माफी मागितली.

“माज्याकडं कशाला मागताय? जितं लिवलंय तितंच लिवा, खोटं लिवलं व्हतं म्हून. आन माजं फडकं आणून द्या.”

कॉलेजात येऊन पुरचुंडी सोडली. आत किड्यांनी पाल्याचा भुसा केला होता, तपासण्यासारखं काही उरलं नव्हतं. फडकं धुतलं, वाळवलं आणि टपालाने पाठवून दिलं. आणून द्या म्हणाली होती, पण मी गेलो नाही. शोधनिबंध छापणाऱ्या नियतकालिकाला पाठवायचं पत्रही लिहिलंय. ते माझ्या टेबलाच्या खणात आहे, सही न केलेलं.