रघुनाथची मूठ

धुरपदाबाई राजकन्या आहे हे डिंडोलीत सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणालाच त्याचं कौतुक नव्हतं. नव्वदी ओलांडलेली ही म्हातारी नातवाच्या, छगनच्या, दोन खोल्यांत साड्यांचे लोंबते धागे कापत बसायची. गल्लीतली पोरं तिला बर्मावाली म्हणायची. ती बिनघोर हसायची. आपण कोण हे तिला पक्कं माहीत होतं, मग चिडायचं कशाला?

इंग्रजांनी बर्माचा राजा रत्नागिरीत आणून ठेवला, त्याच्या गोतावळ्यात तिचे आईबाप होते. ती तिथंच जन्मली. राज्य गेलं, दागिने गेले, आईजवळ उरली ती पूर्वजांची नावं. रोज दिवेलागणीला ती लेकीकडून घोकून घ्यायची. पुढं पहाऱ्यावरच्या एका खानदेशी शिपायावर लेकीचा जीव जडला. घरचे मायदेशी परतले आणि ही धुळ्याला नांदायला आली. भाऊबंदांनी लग्न मानलंच नाही. हिचं कुळ कोणतं, म्हणाले, हिला कुलदेवी कानबाईचा रोट, फक्त कुळातल्यांनाच मिळणारा प्रसाद, द्यायचा नाही. पाऊणशे वर्षं तिनं तो चाखला नव्हता. नवऱ्याकडून सगळ्या भाऊबंदांची नावं मात्र तिनं तोंडपाठ करून घेतली. आईनं लावलेली सवय, दुसरं काय.

१९९६च्या श्रावणात कानबाई पहिल्यांदाच छगनच्या घरी बसायची होती. आदल्या दिवशी सचिन, चलथाण या जवळच्या गावांहून, छगनसारखेच पोटासाठी धुळं सोडून इकडं आलेले भाऊबंद जमले. कुळातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू मोजायचे आणि त्याच पिठाचे रोट करायचे. मोजायचा मान सुकदेवचा, म्हणजे तिच्या दिराच्या थोरल्या मुलाचा. छगननं हात जोडून सांगितलं, यंदा आजीला रोट द्या. सुकदेवनं नुसती नकाराची मान हलवली आणि मोजायला बसला. मोजणी संपली, त्यानं पिशवीचं तोंड आवळलं.

"रघुनाथनी मूठ ऱ्हायनी," धुरपदाबाई म्हणाली.

रघुनाथ सुकदेवचा धाकटा भाऊ. परजातीत लग्न केलं म्हणून सुकदेवनंच त्याला बावीस वर्षांपूर्वी घराबाहेर काढलं होतं, आणि तेव्हापासून त्याचं नाव घ्यायची कुणाची छाती नव्हती. तो आता आपला नाही, सुकदेव खाली बघत पुटपुटला.

"घर सोडं म्हनीसन मानूस मोजनीमाईन जास का?"

मग तिनं खापरपणजोबापासून सुरुवात केली आणि एकही नाव न चुकता रघुनाथपर्यंत आणून सोडलं. ऐकताना सुकदेवचे डोळे भरून आले. भावाची आठवण त्याला रोज येत होती, फक्त सांगायची सोय नव्हती. त्यानं पिशवी सोडली आणि रघुनाथची सव्वा मूठ मोजली.

मग त्यानं पुन्हा गव्हात हात घातला. या मोजणीत बायकांची मूठ नसते. ही कुणाच्या नावानं, छगनच्या बायकोनं, उज्ज्वलानं, विचारलं.

"काकू, तुन्हं माहेरनं नाव काय?" सुकदेव म्हणाला.

"खिन मे," धुरपदाबाई म्हणाली.

सुकदेवनं ते दोनदा अडखळत म्हणून पाहिलं, आणि मूठ मोजली.